आपली वस्ती पाण्याच्या वाटेत आहे काय?

दुष्काळी वर्षात उजनीचा जलाशय तळाला गेला की जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येते आणि माणसे दुरून ते पाहावयास येतात. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, शिल्पांची वर्णने येतात. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला मंदिराइतकेच दुसऱ्या एका गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले; परंतु पाणी कुठवर चढणार, कोणते घर बुडणार आणि कोणते राहणार, हे अभियंत्यांनी त्याआधीच जमिनीची उंची मोजून आणि नकाशावर रेघ ओढून सांगितले होते. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. रेघेच्या आतले गाव उठले, बाहेर नवे वसले. विस्थापनाच्या दुःखाविषयी या भागात पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते बोलणे संपलेले नाही. तथापि पाणी कुठवर येईल हे ते येण्यापूर्वी मोजता येते, एवढे त्या रेघेने आपल्या डोळ्यांसमोर सिद्ध केले. मग आज आपण ज्या वस्तीत राहतो, तिच्याबाबत ही मोजणी कोणी केली आहे काय?

आपले माजी विद्यार्थी आता घरे बांधू लागले आहेत. कोणी गावी घरकुल बांधतो, कोणी इंदापूर, भिगवण, बारामतीच्या कडेला गुंठा-दोन गुंठे घेतो, कोणी पुण्यात भाड्याने राहतो. जागा घेताना रस्ता विचारला जातो, नळ विचारला जातो, उतारा पाहिला जातो. शेजारचा ओढा शेवटचा कधी आणि कुठवर भरला होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

वास्तविक हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिग्रामची हकिकत आहे. मगधाचे महामात्र सुनीध आणि वस्सकार हे तेथे तटबंदीचे नगर उभारीत होते. तथागतांनी त्या नगराच्या भावी वैभवाविषयी सांगितले, आणि त्याच वेळी त्याला तीन धोके आहेत असेही सांगितले : अग्नी, पाणी आणि आपसातील फूट. नगर गंगेच्या काठी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दुसऱ्या धोक्याचा उल्लेख किती जमिनीवरचा होता ते कळते.

आपल्याकडे मात्र वस्ती कुठे करावी हे निवडण्याचा अधिकारच आपल्या पूर्वजांना नव्हता. गावगाड्याच्या रचनेत आपली वस्ती गावकुसाबाहेर असे, आणि अनेक गावी ती उताराच्या अंगाला, गावाचे सांडपाणी जिकडे वाहे तिकडे असे. उंचवट्यावर गढी, वाडे, देऊळ. खाली ओढ्याच्या कडेला आपण. पुढे कायदा बदलला, घटना आली, परंतु जमिनीचा उतार बदलला नाही. गायरानावर, ओढ्याच्या पोटात किंवा कालव्याच्या भरावाखाली जी घरे पुढे उभी राहिली, तीही बहुतांशी ज्यांना दुसरीकडे जागा मिळाली नाही त्यांचीच आहेत. म्हणून पुराच्या धोक्याची पाहणी हा आम्ही केवळ भूगोलाचा विषय मानीत नाही.

इंदापूर हा पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाकाठी सरासरी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस. येथील माणसाची स्मृती दुष्काळाने घडली आहे : १९७२, चारा छावण्या, टँकर. ओढा पाच-सहा वर्षे कोरडा राहतो, त्यात वेडी बाभूळ माजते, मग कोणी तेथे गोठा बांधतो, कोणी भिंत घालतो. दुष्काळी भागातील पुराचा धोका पाण्यात जितका असतो तितकाच या विसरण्यात असतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुरंदरच्या बाजूला पाऊस कोसळला, कऱ्हा नदीला पूर आला, नाझरे धरणातून मोठा विसर्ग झाला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना घरे सोडून जावे लागले. त्याच रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने घरांत झोपलेली माणसे नेली. १४ ऑक्टोबर २०२० रोजी इंदापूर तालुक्यातील ओढे पात्र सोडून वाहिले. मे २०२५च्या अखेरीस, ज्या दिवसांत आपण अजून टँकरची चर्चा करीत असतो त्या दिवसांत, बारामती-इंदापुरात अतिवृष्टी झाली आणि नीरा डावा कालवा पिंपळीजवळ फुटला.

या तारखांपैकी दोन सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आहेत, हे वाचकांनी नीट पाहावे. आपल्या भागात परतीचा पाऊस जोराचा, आणि तो येतो तेव्हा उजनी बहुधा भरलेली असते. जलाशय रिकामा असताना ओढ्याचे पाणी खाली धावत जाते. जलाशय काठोकाठ असताना ओढ्याच्या मुखाशी जणू बूच बसलेले असते. वरून आलेल्या पाण्याला पुढे जागा नसते, ते मागे फुगते आणि ज्या घरांपर्यंत ओढा एरवी कधी पोहोचत नाही तेथे शिरते. शिवाय जलाशयाचे पाणी सर्वत्र आरशासारखे सपाट असते ही समजूतही पुरती खरी नाही. दौंडच्या बाजूने भीमेचा मोठा लोंढा येत असतो तेव्हा जलाशयाच्या वरच्या टोकाला पाण्याची पातळी भिंतीजवळच्या पातळीपेक्षा चढी असते. म्हणून पळसदेवच्या ओढ्याकाठच्या माणसाने फक्त आपल्या शिवारातील पाऊस पाहून भागत नाही. उजनीची टक्केवारी आणि दौंड येथील विसर्ग, हे वर्तमानपत्रांत रोज येणारे दोन आकडे त्याने पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाचलेच पाहिजेत.

ओढ्यात किती पाणी येऊ शकते याचा अंदाज आठवीतल्या मुलालाही करता येतो. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी ५ कोटी लिटर होते. त्यातले निम्मे जमिनीत मुरले असे धरले तरी अडीच कोटी लिटर ओढ्याला मिळते. म्हणजे १० हजार लिटरचे अडीच हजार टँकर. ओढ्याचे पाणलोट १० चौरस किलोमीटरचे असेल तर पंचवीस हजार. टँकरची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या पालकांना हा हिशेब लगेच समजतो, असा आमचा अनुभव आहे. आधीच्या पावसाने काळी जमीन तुडुंब झालेली असेल तर निम्मे पाणी मुरेल हे गृहीतही सोडून द्यावे.

नद्यांच्या बाबतीत शासनाने पूररेषांची पद्धत घालून दिली आहे. पाटबंधारे खात्याच्या १९८९च्या परिपत्रकापासून निळी आणि लाल अशा दोन रेषा मानल्या जातात. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा; नदीपात्र आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती लाल. दोहोंमधील पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण. येथे 'वर्षांतून एकदा' या शब्दांनी मोठा गैरसमज होतो. गेल्या वर्षी पूर आला, आता पंचवीस वर्षे निश्चिंती, असे लोक म्हणतात. अर्थ तसा नाही. दरवर्षी शंभरात चार शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. नदीला मागच्या वर्षाची आठवण नसते. जो मुलगा आपल्या वसतिगृहात पाचवी ते दहावी सहा वर्षे राहतो, त्याच्या त्या काळात असा पूर येण्याची शक्यता शंभरात २२ आहे. जो माणूस निळ्या रेषेवर घर बांधून ३० वर्षे राहतो, त्याच्या दारी तो येण्याची शक्यता शंभरात ७१. लाल रेषेवरील घरासाठीही तीस वर्षांत ती शंभरात २६ निघते. कर्ज फेडायला लागतात तेवढीच ही वर्षे आहेत. आणि या रेषा मुख्यतः शहरांजवळच्या मोठ्या नद्यांना आखलेल्या असतात. आपल्या ओढ्याला रेषा नाही. ती आपणच काढावी लागते.

येथे बाबासाहेबांच्या कार्यातील एका दुर्लक्षित भागाचे स्मरण होते. जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीने बांध फोडला, लोहमार्ग वाहून गेले. त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्यात येत. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यातील परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी दामोदर खोऱ्याचा प्रश्न मांडला. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. पुराकडे केवळ संकट म्हणून न पाहता संपूर्ण खोऱ्याची मोजणी करून पाणी साठवावे, वापरावे, असा त्यांचा आग्रह होता. जयंतीच्या भाषणांत हा भाग क्वचितच येतो. आमच्या मते तो यावयास हवा.

आता पाहणी कशी करावी ते सांगतो. तिला यंत्र लागत नाही. पायपीट लागते आणि विचारण्याची तयारी लागते.

प्रथम वस्तीतील वृद्धांना विचारावे. परंतु 'पाणी किती आले होते?' असे विचारू नये. 'लई आलं होतं' एवढेच उत्तर मिळते. उंबरा ओलांडला का, चूल विझली का, पाण्याची घागर तरंगली का, गोठ्यातील गव्हाण बुडाली का, असे विचारावे. आमचा अनुभव असा की या प्रश्नांची नेमकी उत्तरे स्त्रियांकडे असतात, कारण घर पुन्हा सारवून उभे करण्याचे काम त्यांनीच केलेले असते. निदान तीन घरी वेगवेगळे विचारावे. मग गवंडी पातळी काढण्यासाठी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्या तिन्ही खुणांची उंची जुळवून पाहावी. शेजारशेजारच्या घरांतील खुणा दोन-चार बोटांच्या फरकाने जुळल्या तर आठवण विश्वसनीय मानावी आणि तेथे तैलरंगाची पट्टी मारून वर्ष लिहावे. एखादी खूण हातभर वेगळी निघाली तर त्या घरी पुन्हा जाऊन बसावे. बहुधा दोन निराळ्या पुरांच्या आठवणी एकत्र झालेल्या असतात.

दुसरे साधन कागदाचे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत मिळते. त्यावर ओढे काढलेले असतात. ती प्रत हाती धरून ओढ्याच्या उगमापासून मुखापर्यंत चालत जावे. नकाशातला ओढा जमिनीवर कोठे अरुंद झाला, कोठे वळवला गेला आणि कोठे नाहीसाच झाला, हे एका सकाळीत दिसते. जेथे ओढा नाहीसा झाला आहे तेथेच पाणी एक दिवस तो शोधावयास येणार आहे.

तिसरी साक्ष जमिनीची. ओढ्याकाठच्या बाभळींच्या फांद्यांत अडकलेला कडबा, चिंध्या, प्लॅस्टिक किती उंचीवर आहे ते मोजावे. मागच्या पुराची उंची तेथे टांगलेली असते. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामात काळ्या मातीच्या थरांमध्ये वाळूचे, गोल गोट्यांचे थर दिसले तर ओढा पूर्वी त्या जागेवरून वाहिला आहे असे समजावे. पाण्याने लोळवत आणलेला दगड गोल होतो. याउलट लहानमोठे टोकदार दगड एकाच चिखलात कालवल्यासारखे आढळले, आणि वर डोंगर असला, तर ती खूण निराळी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

चौथी गोष्ट मोऱ्यांची. रस्त्याचा भराव हा पावसाळ्यात बांधाचे काम करतो; त्याखालच्या नळ्या हीच पाण्याची एकमेव वाट. आपल्या भागात उसाचे पाचट, बाभळीच्या फांद्या आणि प्लॅस्टिक यांनी त्या तुंबतात आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला तळे साचते. मोरी तुंबली तर पाणी रस्त्यावरून उलटण्यापूर्वी किती चढेल, म्हणजे भरावाचा माथा आणि आपला उंबरा यांत वर कोण, हे नळीने पाहून ठेवावे. उंबरा खाली असेल तर ती मोरी मे महिन्यात साफ करून घेणे हे त्या घराचे सर्वांत स्वस्त रक्षण आहे.

पाचवी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही : वस्तीच्या वर काय साठवलेले आहे? गावोगावी दुष्काळी कामांतून पाझर तलाव झाले. त्यांपैकी कित्येकांच्या भरावावर आज झाडे वाढली आहेत, घुशींनी बिळे केली आहेत, सांडव्यात कोणी माती टाकली आहे. मातीच्या भरावावरून पाणी उलटले की भराव फार काळ टिकत नाही. भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपत असेल आणि ते गढूळ असेल तर आतून माती वाहते आहे असा त्याचा अर्थ. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजी रात्री फुटले आणि खालच्या वाडीतील वीसच्या आसपास माणसे गेली.

पाण्याच्या खोलीइतकाच त्याचा वेग महत्त्वाचा असतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. घोट्याच्या वर चढलेले वेगवान पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते, आणि दोन फूट पाण्यात बहुतेक मोटारी तरंगू लागतात. मातीच्या भिंतींच्या, माळवदाच्या घरांचे आणखी एक आहे : ती पाणी चढताना उभी राहतात आणि ओसरल्यानंतर, भिजून जड झाल्यावर, रात्रीबेरात्री बसतात. पूर ओसरला म्हणून अशा घरात त्याच रात्री निजावयास जाऊ नये.

आपल्या वसतिगृहात सपाटीवरच्या मुलांबरोबर आंबेगाव, जुन्नर, भोरकडची मुलेही राहून गेली आहेत. त्यांच्या गावचा धोका दुसऱ्या जातीचा आहे, आणि तो आपल्याला परका नाही. घोड नदीच्या खोऱ्यात पडलेला पाऊस अखेर भीमेतून उजनीतच येतो. त्याच खोऱ्यात, डिंभे धरणाच्या वरच्या बाजूस, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगरउतारावरून आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गेले. १५१ माणसे मृत्यू पावली. एस.टी.च्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर बातमी गेली.

हे कसे घडते? सह्याद्रीच्या बेसॉल्टवर हजारो वर्षांत मुरूम आणि माती यांचा जाड थर तयार झालेला असतो. कित्येक दिवसांच्या पावसाने तो थर भिजत जातो. खालचा अखंड खडक पाणी घेत नाही, म्हणून पाणी दोहोंच्या सांध्यात साचते आणि मातीचे कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. त्या अवस्थेत एखादा जोराचा पाऊस पुरतो. सुटलेला थर पाण्यापेक्षा जड आणि पाण्यासारखा प्रवाही असतो. पाण्यापुढून माणूस छपरावर चढून वाचू शकतो. या लोंढ्यापुढे छप्परच टिकत नाही. उताराला आडवी पडलेली नवी भेग, एकाच बाजूला कललेली झाडे आणि खांब, दाराच्या चौकटी एकाएकी घट्ट होणे, नवा झरा फुटणे, भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे किंवा लाल गढूळ येणे, या त्याच्या खुणा. आधी सांगितलेला टोकदार दगडांचा कालवलेला थर सांगतो की असा लोंढा त्या जागी पूर्वीही येऊन गेला आहे. सरळ कडांच्या डब्यात पट्टी उभी करून रोजचा पाऊस मोजणे कोणत्याही वाडीला शक्य आहे. एका दिवसाच्या पावसाइतकीच मागच्या चार-पाच दिवसांची बेरीजही पाहावी.

सरकारी यादीवर विसंबणे मात्र पुरेसे नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी तयार करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. सह्याद्रीतील प्रत्येक वाडीच्या वरचा उतार परक्या माणसाने येऊन पाहणे कठीणच आहे. वाडीतला माणूस तो रोज पाहतो. नवी जागा मिळाली म्हणून पाहणी संपते असेही नाही. माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले, एप्रिल २०१७ मध्ये घरे लोकांच्या हाती आली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील भराव खचले, रस्त्यांना भेगा गेल्या. घरकुलाची जागा स्वीकारताना भराव कोठे आणि मूळ जमीन कोठे, हे विचारण्याचा हक्क लाभार्थ्याला आहे, आणि त्याने तो बजावावा.

धोका मोजल्यावर उरतो निघून जाण्याचा प्रश्न. घर सोडून जाणे आपल्या माणसांना कमीपणाचे वाटते. शेरडे-कोंबड्या, भांडी, कागद सोडवत नाहीत. वर्षावासात भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे असा नियम आहे. परंतु राहण्याची जागा पाण्याने वाहून गेली तर ती सोडण्यात दोष नाही, असे महावग्गात स्पष्ट म्हटले आहे. नियमाहून जीव मोठा हे तेथे गृहीतच धरले आहे. कोणत्या खुणेला पाणी आले की निघायचे, कोणत्या वाटेने, कोणत्या उंच इमारतीत, म्हातारे आणि गरोदर स्त्रियांना कोण नेणार, हे कोरड्या दिवसांत ठरलेले असावे. जाण्याची वाट ओढा ओलांडणारी नसावी.

कागदांविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण आपल्या वस्त्या तेथेच हरतात. पंचनामा करताना घर कोणाच्या नावे आहे ते पाहिले जाते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये ज्याची नोंद नाही त्याचे घर वाहून गेले तरी ते होते हे सिद्ध करणे अवघड जाते. नमुना ८चा उतारा, आधार, बँकेचे पुस्तक, जातीचा दाखला आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले यांच्या प्रती एका जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून छपराच्या आढ्याला बांधाव्यात. घराची चारी बाजूंनी छायाचित्रे काढून ती पुण्या-मुंबईतील नातेवाइकाच्या मोबाइलवरही पाठवावीत.

या पाहणीसाठी एप्रिल महिना योग्य. जमीन कोरडी असते, ओढ्यात उतरता येते, सुट्टीला आलेली मुले हाताशी असतात. हाती आलेला नकाशा, खुणांची यादी, तुंबलेल्या मोऱ्या आणि तलावांची अवस्था हे १ मेच्या ग्रामसभेपुढे लेखी ठेवावे आणि ठरावात नोंदवून घ्यावे. तोंडी सांगितलेले पुढच्या ग्रामसेवकाला ठाऊक नसते. ठरावाची एक प्रत तहसील कचेरीत पोच घेऊन द्यावी, दुसरी विहाराच्या भिंतीवर लावावी, आणि तिसरी आपल्या शाळेकडे पाठवावी. ती आम्ही जपून ठेवू.